भोंडव्यांच्या पुनमचं ‘गवसलं’

आमच्या कंपनीत एक बाई आहे. तिला गप्प बसवायचं असेल तर कॉम्प्युटरपुढं बसवावं लागतं, आणि तिथंही ती स्क्रीनशी भांडत बसते. नाव पुनम भोंडवे, राहणार रावेत, आयटी विभागात सॉफ्टवेअर इंजिनिअर. तिच्यावर कुणी लिहायचं असेल तर ते मीच लिहिणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. कारण लोक अशा माणसांवर लिहायला बसले की ‘कष्टाळू, शांत, मितभाषी’ असलं काहीतरी खरडतात. पुनम आणि मितभाषी! अहो, तिच्यापुढं चाकण चौकातले हॉर्न परवडले.

मी सोपान बोत्रे, महाळुंग्याचा. त्याच कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर. गाड्यांच्या सीटखाली आणि बॉनेटखाली जे पत्र्याचे पार्ट असतात ते आम्ही बनवतो. मोठमोठे प्रेस दिवसभर धडाधड चालतात आणि एखादा बंद पडला की सगळी कंपनी माझ्या नावानं शंख करते. त्यामुळं माझा पारा कायम चढलेला. लाइनवर कुणालाही विचारा.

पुनम आमच्याकडं लागली तेव्हा तिचं खरं काम सॉफ्टवेअर सांभाळायचं होतं. पण प्रत्यक्षात ती दिवसभर लोकांच्या फायली शोधून द्यायची. “पुनम, मागच्या वर्षीचं ड्रॉइंग कुठंय गं?” “पुनम मॅडम, त्या कस्टमरची तक्रार आली होती ना, तो मेल बघा की जरा.” माहितीला तोटा नव्हता. शेअर्ड ड्राइव्हवर फोल्डरात फोल्डर आणि त्यात फायली, एकीचं नाव ‘फायनल’, दुसरीचं ‘फायनल नवीन’, तिसरीचं ‘फायनल हीच’. शिफ्टचे रिपोर्ट वेगळ्या सिस्टिममध्ये, मेल वेगळीकडं, मशीनची मॅन्युअलं तिसरीकडं. एखादा इंजिनिअर नोकरी सोडून तळेगावच्या कंपनीत गेला की काय कुठं ठेवलंय हेही त्याच्याबरोबर गेलं म्हणून समजा.

एकदा ती कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट आपटून बसली.

“काका, मी इंजिनिअर आहे का हमाल?”

“झालं काय?”

“जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते इंटरनेटवर क्षणात सापडतं. आणि आपल्या भिंतीच्या आतलं सापडायला माणूस लागतो! मी हे बंद करणार. कंपनीच्या आतला शोध मी बनवणार.”

“मग बनव की,” मी म्हणालो. “तुला कुणी अडवलंय?”

मला वाटलं, जेवण झालं की विसरेल. पण ती विसरणाऱ्यांतली नव्हे. भाजी संपेपर्यंत तिनं मला निम्मं सांगितलंही.

तिच्या घरचंही सांगितलं पाहिजे. रावेतचे भोंडवे म्हणजे जुने शेतकरी. एक्स्प्रेस-वे आला, टॉवर उभे राहिले, आणि आता घरी भाड्याचे फ्लॅट. तिचे सासरे चिमाजी भोंडवे यांचं म्हणणं एकच. “सूनबाई, घरचं सगळं हाय. लोकांच्या फायली हुडकायला चाकणपातूर कशाला जायचं?” ते वाईट बोलत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. पुनम म्हणायची, “मामा, माझं एक काम उभं राहू द्या. नाही राहिलं तर मीच घरी बसते, तुम्हाला सांगायची पाळी येणार नाही.” असं बोलून बसली होती ती. आणि बोललं की ती करणार, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

तिची शाळा भरायची ती कंपनीच्या बसमध्ये. बस रावेतहून निघते, देहूरोड, तळवडे करत आमच्याकडं येते. मी महाळुंग्याला चढायचो. तिथून कंपनी जवळ, पण ट्रॅफिक असा की गाडीपेक्षा शेळ्या आधी पोचतील. तेवढ्या वेळात मोबाइलवर ही बाई काय वाचते ते मला ऐकावंच लागायचं.

“काका, सगळ्यात आधी काय वाचायचं माहितीये? ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांनीच लिहिलेली माहिती. लोक व्हिडिओकडं पळतात आणि मग अडकतात. मूळ वाचून अडलं तर मग प्रश्नोत्तरांच्या साइटवर जायचं. तिथं जगभरचे प्रोग्रामर आपण अडलो तिथंच आधी अडलेले असतात. पण वरचं उत्तर डोळे झाकून उचलायचं नाही, आधी तारीख बघायची. जुन्या व्हर्जनचं उत्तर नव्याला लावलं की वाट लागते.”

“अगं, मी प्रेसवाला माणूस. मला कशाला?”

“ऐका तर! तिथंही नाही मिळालं तर फोरमवर आपण विचारायचं. पण विचारायची रीत असते. मी पहिल्यांदा नुसतं ‘चालत नाहीये, मदत करा’ लिहिलं तर एका बाबानं मला असं झापलं! मग मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सगळं नीट मांडलं. त्याच बाबानं तासाभरात उत्तर दिलं.”

तिनं फुकट मिळणारं, सगळ्यांना उघडं असलेलं एक सर्च इंजिन घेतलं आणि आमच्या कंपनीला बसवायला सुरुवात केली. ते कसं चालतं हे तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की आता मीच शिकवू शकेन. शाळेच्या पुस्तकामागं कसं, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची असते? हे यंत्र कंपनीतली झाडून सगळी कागदपत्रं आधीच वाचतं आणि तशी सूची करून ठेवतं. आपण विचारलं की ते फायली उपसत बसत नाही, सूचीत बघतं. मग सापडलेल्यातलं कामाचं कोणतं ते ठरवून वर ठेवतं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्याला जी फाइल उघडायची परवानगी आहे, त्यालाच ती सापडली पाहिजे. दुसऱ्याला तिचा वासही लागता कामा नये.

त्यासाठी ती लाइनवर येऊन बसायला लागली. कारण आम्ही जे बोलतो ते कागदावर नसतं. कागदावर ‘हायड्रॉलिक प्रेशर कमी’, आणि आमचा माणूस म्हणणार ‘प्रेसचा दम गेला’. तिनं आमचे असले शब्द एकेक करून कागदावरच्या शब्दांना जोडून दिले. मी म्हणालो, “शिव्या नको जोडूस.” तर म्हणते, “काका, त्या आधी जोडल्या. तुमच्या रिपोर्टात दुसरं असतंच काय?”

नाव ठेवलं ‘गवसलं’. प्लँट हेड सदाशिव सबनीस साहेबांनी नारळ फोडला आणि गवसलं सुरू झालं.

पहिले काही दिवस नुसती जत्रा. ज्या ड्रॉइंगसाठी लोक अर्धा दिवस भटकायचे ते चहा थंड व्हायच्या आत मिळू लागलं. पुनम प्लँटमधून अशी चालायची, जणू कंपनी तिच्या मामांच्या जमिनीवर उभी आहे. आणि मग गोरक्षनं लाइन दोनच्या कॉम्प्युटरवर एक शब्द टाइप केला. ‘ट्रान्सफर’.

गोरक्ष आमचा ऑपरेटर, नव्या डायचं, म्हणजे प्रेसमधल्या साच्याचं, पत्रा पुढं सरकवायचं ट्रान्सफर सेटिंग शोधत होता बिचारा. पण सगळ्यात वर आला सबनीस साहेबांचा हेड ऑफिसला गेलेला मेल. लाइन दोनमधली माणसं गुजरातच्या प्लँटला हलवता येतील का, असा नुसता विचार होता त्यात. कच्चा, अर्धवट. पण तो वाचायला कोण थांबतंय? शिफ्ट बदलायच्या आत सगळ्या प्लँटला कळलं. लाइन थांबली. कुणी म्हणे पोरांच्या शाळेचं काय, कुणी म्हणे घराच्या हप्त्याचं काय. बिरू ठोंबरे, आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, प्रेसच्या पायरीवर डोकं धरून बसला. “मला न्हाई जायाचं कुठं. मला माझ्या मशीनजवळ मरू द्या.”

साहेबांनी सगळ्यांपुढं येऊन सांगितलं की असं काही ठरलेलं नाही, ठरणारही नाही. लाइन सुरू झाली. पण गवसलं त्याच दिवशी बंद झालं आणि सगळी कंपनी पुनमवर तुटून पडली. काल जे ‘वा वा’ करत होते तेच म्हणायला लागले, “हिनं लोकांचे मेल उघडे केले.”

झालं काय होतं, ते पुनमनं संध्याकाळपर्यंत शोधून काढलं. परवानगीची व्यवस्था अगदी बरोबर चालली होती. गोम दुसरीकडं होती. आमच्या लाइनवर प्रत्येक कॉम्प्युटरला एकच लॉगिन. तेच सगळ्या शिफ्टचं, आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. हातमोजे घातलेला माणूस पासवर्ड कशाला टाइप करत बसेल? त्या दिवशी सबनीस साहेब लाइनवर उत्पादनाचा आलेख बघायला आले, त्यांनी स्वतःचं लॉगिन केलं, बघितलं आणि तसंच सोडून चहाला गेले. गोरक्ष त्याच खुर्चीत बसला. गवसलंला काय कळणार? त्याला वाटलं साहेबच विचारतायत.

पुनम तशीच साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. मीही मागं होतो, कारण मला भांडण चुकवायचं नव्हतं.

“साहेब, लॉगिन तुमचं होतं.”

साहेबांचा चेहरा पडला. मग म्हणाले, “पुनम, प्रश्न त्याच्या पुढं गेलाय. हेड ऑफिसमधून निरंजन देवधर येणार आहे. दसऱ्यानंतर कंपनी सुरू होईल त्याच दिवशी. गवसलं ठेवायचं का कायमचं काढायचं, ते तो ठरवेल. तोपर्यंत ते फक्त तुझ्या चाचणीच्या कॉम्प्युटरवर राहील. आणि काढायचं ठरलं, तर आयटीत एवढी माणसं लागणार नाहीत. तुला गेटवरच्या व्हिजिटर एंट्रीचं काम देतील.”

गेटवर! सॉफ्टवेअर इंजिनिअरला, येणाऱ्या-जाणाऱ्याचे फोटो काढायला! माझं डोकंच फिरलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “सांग की सगळ्यांना लॉगिन कुणाचं होतं ते! घाबरतेस का?”

“त्यानं काय होईल काका? साहेब खजील होतील आणि गवसलं बंदच राहील. उद्या दुसरा कुणीतरी असाच उठून जाईल. एका लॉगिनवर अख्खी लाइन बसते तोवर हे असंच होणार.” पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता. “आणि मी मामांना शब्द दिलाय.”

तिनं फोरमवर प्रश्न टाकला. कारखान्यात बरेच लोक एकच लॉगिन वापरतात, तिथं माणूस ओळखायचा कसा? उत्तरं आली ती ऐकून तुम्हीही चिडाल. ‘एक लॉगिन वापरूच नका.’ अरे शहाण्यांनो, हातात ग्रीस घेऊन बघा एकदा! ती रोज बसमध्ये मला ती उत्तरं वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं मिळून त्यांना नावं ठेवायचो.

मग एके सकाळी मी बसमध्ये चढलो तर ती उभीच होती. “काका! व्हिएतनाममधल्या एका बाईनं उत्तर दिलंय! शिवणकामाच्या कारखान्यात आहे ती. म्हणते, आमच्याकडं हाच त्रास होता, आम्ही जेवणाचं कार्ड वापरलं!”

आता हे जेवणाचं कार्ड म्हणजे काय ते सांगतो. आमच्या कँटीनमध्ये प्रत्येकाचं कार्ड आहे. मशीनला टेकवलं की ताट मिळतं. त्या कार्डात माणसाचं नाव, नंबर सगळं आधीच आहे. तसलंच कार्ड वाचणारं एक यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं, त्याला कार्डापुरती खाच करायची, कार्ड खाचेत ठेवलं की कॉम्प्युटर त्या माणसाचा, आणि कार्ड उचललं की बंद. पासवर्ड नको, टायपिंग नको, मोजे काढायला नकोत.

मी म्हणालो, “पण लोक एकमेकांना कार्ड देतील की.”

“जेवणाचं कार्ड?” पुनम म्हणाली. “काका, आपला माणूस पासवर्ड भिंतीवर रंगवेल, पण जेवणाचं कार्ड सख्ख्या भावाला देणार नाही. आणि कॉम्प्युटरपाशी तर कधीच विसरून येणार नाही. दुपारी ताट कसं मिळेल?”

मी बसमध्ये इतका हसलो की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. काय डोकं आहे बाईचं! कँटीनमधलं एक जुनं यंत्र पडून होतं, ते मी तिला दुरुस्त करून दिलं. तिनं ते चाचणीच्या कॉम्प्युटरला जोडलं आणि दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत त्याच्यामागं लागून राहिली.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. मशीनं धुवायची, पुसायची, झेंडूचे हार घालायचे, हळदकुंकू वाहायचं, पेढे वाटायचे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. आणि त्याच्या पुढच्या सकाळी लाइन सुरू. त्याच सकाळी निरंजन देवधर आले. तरुण माणूस, बोलायला साधा. मी त्यांच्यावर चिडायची तयारी करूनच आलो होतो, पण त्यांनी आल्या आल्या मलाच विचारलं, “तुमच्या लोकांना हे हवंय का?” असं विचारल्यावर काय चिडणार?

पुनमनं नीट मांडायला सुरुवात केली आणि तेवढ्यात मोठा प्रेस थांबला.

सेफ्टीचा अलार्म. या प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. मध्ये कुणाचा हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं, म्हणजे हात वाचतो. पण हात कुणाचाच नव्हता! रीसेट केलं, चाललं, पुन्हा थांबलं. पुन्हा रीसेट, पुन्हा थांबलं. माझी पोरं वायरी बघून आली, डबे उघडून आली. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, ‘सेन्सर बदला.’ सेन्सर बदलला. तरी तेच. तिकडं कस्टमरची गाडी माल न्यायला दारात उभी, त्यांची लाइन आमच्या पार्टांवर चालते. सबनीस साहेब घामाघूम. माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथं लिहिता येत नाही.

“काका, विचारा की याला,” पुनम म्हणाली.

“गप गं! इथं जीव चाललाय आणि तुझं—”

“विचारा तर!”

निरंजन म्हणाले, “विचारू द्या. मलाही बघायचंय.”

चाचणीचा कॉम्प्युटर आयटीच्या काचेच्या खोलीत, लाइनला लागूनच. मी तिथं गेलो, खिशातून कार्ड काढलं, खाचेत ठेवलं. आणि चिडून जसं तोंडात आलं तसंच टाइप केलं, ‘मोठा प्रेस, हात नसताना पडदा तुटतो’.

आले रिपोर्ट. नुसते मोठ्या प्रेसचे नाहीत, दुसऱ्या प्रेसचेही. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या शिफ्टचे. एकात ‘सेन्सर बदलला, दुसऱ्या दिवशी ठीक.’ एकात ‘वायर तपासली, दुपारनंतर ठीक.’ एकात, आता कंपनीत नसलेल्या कुणीतरी लिहिलेलं, ‘पडद्याची काच स्पिरिटनं पुसली. बोळा लाल निघाला. ठीक.’

“लाल?” मी म्हणालो. “लाल काय निघणार? तिथं रंग कुठंय?”

पुनम स्क्रीनवर बोट ठेवून तारखा बघत होती. ती एकदम ओरडली, “काका, तारखा बघा! सगळे रिपोर्ट ऑक्टोबरचे, नाहीतर सप्टेंबरच्या शेवटचे!”

“मग?”

“दरवर्षी दसरा कधी असतो?”

मी तिच्याकडं बघितलं, ती माझ्याकडं. आणि आम्ही दोघंही पळत सुटलो.

बिरू मोठ्या प्रेसजवळच उभा होता. मी त्याला धरला. “बिरू, परवा पूजेला कुंकू कुठं लावलंस?”

“कुठं म्हंजे? जिथं लावायचं तिथंच. माणसाला कपाळ असतंय, मशीनला कपाळ कुठंय? पर डोळा हाय की. डोळ्याच्या तिथं लावलं. दरसाल लावतुय, ज्या मशीनवर असीन त्याला.” त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. “आन् जाताना पुसून बी घेतलं व्हतं की वो, साहेबास्नी डाग आवडत न्हाईत म्हणून!”

पुसलं होतं, तेलाच्या फडक्यानं! म्हणजे वरचं कुंकू गेलं आणि पडद्याच्या काचेच्या खाचेत हळदकुंकवाचा पातळ थर बसला. डोळ्याला दिसणार नाही असा. मशीन सुरू झालं, हादरे बसले, थर हलला की किरण अडला. मशीनला वाटलं हात आला. आम्ही सेन्सर बदलला तो आतला, काच तीच राहिली. आधीच्या वर्षांत बदललेले सेन्सरही असेच उगाच गेले असणार, थर आपोआप झडला आणि नाव सेन्सरचं झालं.

मी कापसाला स्पिरिट लावलं आणि काच खालपासून वरपर्यंत घासली. बोळा लालपिवळा.

रीसेट केलं. प्रेस सुरू झाला. पहिला पार्ट, दुसरा, तिसरा. मग ट्रॉली भरली आणि गोरक्षनं ती ढकलली, आणि लाइनवर जो कल्ला झाला, काय सांगू! पोरं पान्यांनी ट्रॉल्या बडवायला लागली. मी तापट माणूस, पण पुनमला सगळ्यांसमोर म्हणालो, “पोरी, जिंकलीस गं तू!”

पण निरंजन हुशार माणूस. ते म्हणाले, “शोधतंय चांगलं, हे पटलं. पण बंद झालं ते शोधता येत नव्हतं म्हणून नाही. ज्यानं बघायचं नाही त्याला दिसलं म्हणून. त्याचं काय?”

पुनमनं आम्हाला परत काचेच्या खोलीत नेलं आणि नुसतं खाचेकडं बोट दाखवलं. “सर, इथं कुणाचंही कार्ड ठेवा आणि तोच शब्द टाका.”

तेव्हा सबनीस साहेब पुढं आले. त्यांनी गोरक्षला बोलावलं, त्याचं कार्ड ठेवायला लावलं आणि स्वतः टाइप केलं, ‘ट्रान्सफर’. डायचं ट्रान्सफर सेटिंग वर आलं, जे त्या बिचाऱ्याला तेव्हा हवं होतं. बाकी काही नाही. गोरक्षनं कार्ड उचललं, स्क्रीन बंद. साहेबांनी आपलं कार्ड ठेवलं, पुन्हा तोच शब्द टाकला. त्यांचा मेल आला. कार्ड उचललं, बंद.

साहेब वळून बाहेर दाराशी आले. समोर लाइन दोनची माणसं दाटीनं उभी होती. ते म्हणाले, “मागच्या वेळी माझं लॉगिन उघडं राहिलं होतं. उठून गेलो मी. पुनमनं मला त्याच दिवशी सांगितलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी बोल तिला लावला. तो माझा आहे.”

साहेब असं बोलताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि ती टाळी साहेबांसाठीही होती, हे मला स्पष्ट सांगायचंय.

निरंजन म्हणाले, “आजपासून सुरू करा. सगळ्या लाइनला कार्डासकट. आणि आपल्या बाकी प्लँटला हे बसवायचं काम पुनम भोंडवे बघतील. मी आजच हेड ऑफिसला कळवतो.”

आता ही बाई ‘थँक यू’ म्हणेल, असं त्यांना वाटलं असेल. पुनम म्हणाली, “मला दोन माणसं लागतील. आणि ती दोघं लाइनवरची पाहिजेत, मी त्यांना शिकवते. आणि सर, त्या व्हिएतनामच्या बाईला आपल्या कंपनीच्या नावानं आभाराचं लिहायचं. ते आधी.”

“मान्य,” निरंजन हसत म्हणाले.

तिनं आत जाऊन गवसलं सगळ्यांसाठी सुरू केलं. पण रांगेत पहिलं कोण उभं राहणार? सगळे एकमेकांकडं बघत होते. शेवटी बिरू पुढं झाला. तो कधी कॉम्प्युटरला शिवला नव्हता. त्यानं हात शर्टाला पुसले, दोन्ही हातांनी कार्ड खाचेत ठेवलं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं: ‘नमस्कार, बिरू म्हाळू ठोंबरे. काय शोधायचं आहे?’

बिरूनं ते एकेक अक्षर लावून वाचलं. मग मागं वळून पुनमला म्हणाला, “माझ्या बापाचं नाव बी घातलंया की गं ताई! ह्या कंपनीत मी म्हातारा झालो, आजवर कुण्या साहेबानं मला असं पुऱ्या नावानं विचारलं न्हाई.”

तोंडावर हात ठेवून पुनम रडायला लागली. मग बिरूनंच खुर्ची ओढली, तिला शेजारी बसवलं आणि म्हणाला, “रडू नगंस. आता इच्यारायचं कसं, त्ये दाव मला.”